भरल्या गाडीचा आवाज

रिकामी आणली की गप्प.
ताकसांडेबाईंची शाळेची व्हॅन तीनदा आली फाट्यावर,
तीनदा कय्यूम मिस्त्रींनी स्टेअरिंग फिरवलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि गाडीनं तोंडातून अक्षर काढलं नाही.
"सकाळी करते हो," बाई म्हणाल्या,
"पोट्टे बसले की करते. तुमच्यापुढं लाजते."

मिस्त्रींचा उजवा कान अकरा वर्षांच्या जिनिंगनं नेलेला,
डावा अर्धा.
मला ठेवलं होतं कानाच्या जागी.

"कसा येते?"
"खट्."
"खट् का कट्?"
मी गप्प.
"खट् म्हंजे सैल. कट् म्हंजे तुटाले आलं.
कुर्र म्हंजे कोरडं.
टंग आला तं स्प्रिंग, अडकते आन् सुटते.
नुसता आवाज येते म्हनू नको. बायको बी येते म्हनते माह्या घोरन्याचा."

पुढचा भाग जॅकवर, मग घोडीवर.
चाकाला घड्याळ समजायचं.
बारा आणि सहावर हात, ढकल, ओढ : बॉल जॉइंट.
नऊ आणि तीनवर : टाय रॉड.
दोन्ही घट्ट. रबराच्या टोप्या शाबूत,
आत ग्रीस, बाहेर काळी माती
सुकून कवच झालेली.
टॉमी घालून लोअर आर्म उचकला,
बुश चिरलेलं निघालं, बोटभर.
"हे म्हातारं हाये," मिस्त्री म्हणाले, "पन हे नाई बोलत."

चाक खाली सोडलं. हात पुसले.
"बाई, उद्या पोट्टे घेऊन या."

सात वाजून दहा मिनिटं.
अकरा पोरं, बावीस चपला,
दप्तरं मांडीवर, डबे पायाशी,
मागे कोणीतरी कोणाचं तरी खोडरबर गिळल्याचा आरोप.
मी बोनेटला कान लावला
आणि मला फक्त शाळा ऐकू आली.

पुढच्या सीटवर, दाराला टेकून,
चौथीतली प्रणोती उईके.
कोणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं :
"डाव्या वळनावर दोनदा वाजते. भोयराच्या गोठ्यापाशी.
उजव्या वळनावर नाई वाजत.
ब्रेकरवर चढताना नाई, उतरताना एकदा.
धनूचे बाबा त्याले नेतात, त्या दिवशी कमी."

"कधीपासून?"
"दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यापासून."

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे,
मग उजव्या चाकापाशी उकिडवे बसले.
डावीकडं वळलं की भार उजवीकडं येतो,
हे मला दोन वर्षं शिकवत होते.
मडगार्डखालून हात घातला,
तळवा स्प्रिंगवर, जसा गाभण गाईच्या कुशीवर.
"फिरवा, बाई. हळू. डावीकडं."

"आता," प्रणोती म्हणाली,
आणि त्याच क्षणी मिस्त्रींचा हात
चटका बसल्यासारखा मागे आला.
मी काहीच ऐकलं नव्हतं.

वरच्या माउंटचं बेअरिंग.
यवतमाळहून एसटीच्या पार्सलात यायला दोन दिवस.
दोन दिवस बाईंनी दोन फेऱ्या मारल्या,
एकदा पाच, एकदा सहा,
आणि गोठ्याला लांबून वळसा घालून
फक्त उजवीकडं वळत शाळा गाठली.

जुनं काढलं तेव्हा ते हातातच सांडलं :
गंजाचा लाल भुगा, चपट्या झालेल्या गोळ्या,
त्यातली एकही गोल नाही.
बाईंनी डिझेलच्या पैशातून सातशे दिले, बाकी महिन्याअखेर.

सोमवारी व्हॅन फाट्यावर थांबली.
दार उघडून प्रणोती अर्धी बाहेर लटकली.
"खट् गेला," ती म्हणाली.
मिस्त्रींनी मान हलवली, कप तोंडाला लावला.
"पन आता एक बारीक कुर्र हाये."

"ब्रेकरवर?" मी विचारलं. चिरलेलं बुश मला आठवत होतं.
"नाई."
"वळनावर?"
"नाई. गाडी थांबल्यावर.
समदे उतरून गेल्यावर."

मिस्त्रींनी चहा खाली ठेवला.